गरम पाण्याचा माग

बुबुळावर ओरखडा असल्याची शंका आली, की डोळ्यांचे डॉक्टर डोळ्यात एक पिवळसर रंग लावतात आणि निळ्या उजेडात पाहतात. ओरखडा असेल तर तेवढीच रेघ हिरवी चमकते. हा रंग म्हणजे फ्लुओरेसिन. कोरडी असताना तांबूस-नारिंगी भुकटी, पाण्यात पडली की पिवळ्या-हिरव्या रंगाची झळाळी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी 1871 मध्ये ते पहिल्यांदा तयार केलं. पुढे सहाच वर्षांत ते एका नदीत ओतलं गेलं.

जर्मनीत इमेंडिंगनजवळ डॅन्यूबचं पाणी पात्रातल्या चुनखडीच्या भेगांमध्ये गडप होतं. तिथून सुमारे 12 किलोमीटरवर, आख गावी, एक मोठा झरा आहे. ते हेच पाणी का, हा तिथे वादाचा मुद्दा होता. 1877 मध्ये नदीत 10 किलो फ्लुओरेसिन सोडलं आणि साधारण 60 तासांनी आखचा झरा हिरवा झाला. आखचं पाणी ऱ्हाईनला मिळतं. म्हणजे काळ्या समुद्राकडे निघालेली नदी जमिनीखालून उत्तर समुद्राची वाट धरत होती.

हीच युक्ती आज भूगर्भातल्या उष्णतेवर चालणाऱ्या प्रकल्पांना लागते. तिथला प्रश्न मात्र जास्त नाजूक आहे.

खोल विहिरीतून गरम पाणी किंवा वाफ काढायची, तिच्यावर वीज करायची किंवा घरं ऊबदार ठेवायची, हे कितीही सोपं वाटलं तरी खालचा साठा अमर्याद नसतो. उपसा वाढला की दाब घटतो. न्यूझीलंडच्या वाईराकेईत 1958 पासून वीज तयार होते. वापरलेलं पाणी तिथे कित्येक वर्षं वाइकाटो नदीत सोडलं जायचं. खालचा दाब उतरला आणि एके ठिकाणी जमीन जवळपास 15 मीटर खचली. म्हणून आता बहुतेक ठिकाणी निवलेलं पाणी दुसऱ्या विहिरीतून परत खाली सोडतात. आपण शेतात विहीर पुनर्भरण करतो, त्याचीच ही मोठी आवृत्ती.

धोका पुढेच आहे. सोडलेलं गार पाणी खडकातून सावकाश फिरून, तापून परत आलं तर उत्तम. पण दोन विहिरींना जोडणारी एखादी मोकळी भेग असेल, तर ते पुरतं तापण्याआधीच उपशाच्या विहिरीत पोचतं आणि चांगली चालती विहीर थंड पडू लागते. भेग कुठून कुठे जाते हे वरून दिसत नाही. एकाच शेतात एका बोअरला भरपूर पाणी लागतं आणि पन्नास फुटांवरची दुसरी फेल जाते, हे काळ्या कातळावर राहणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको. कारण तेच: पाणी खडकातून नाही, खडकाच्या भेगांतून वाहतं.

तेव्हा पाण्यालाच विचारायचं. ज्या विहिरीत पाणी सोडतात तिच्यात ठरावीक वजनाचा माग काढणारा पदार्थ, म्हणजे ट्रेसर, एकदम सोडायचा आणि आजूबाजूच्या विहिरींतून नमुने घेत राहायचं. सुरुवातीला काही तासांनी, मग रोज, मग आठवड्याला. काम कष्टाचं आणि चिकाटीचं आहे. ट्रेसर टाकण्याआधीचे नमुनेही लागतात, नाहीतर मुळातच पाण्यात काय होतं ते कळणार नाही. फ्लुओरेसिन उन्हात विरतं, म्हणून बाटल्या अंधारात ठेवाव्या लागतात. डोळ्याला पाणी नितळ दिसत असतानाही उपकरण त्यातला अतिसूक्ष्म अंश ओळखतं.

साठा फार तापलेला असेल, 250 अंशांच्या वर, तर फ्लुओरेसिन टिकत नाही. तिथे नॅप्थलीन सल्फोनेट गटातली संयुगं वापरतात. कॅलिफोर्नियातल्या 'द गीझर्स' क्षेत्रात विहिरींतून वाफच येते, म्हणून तिथे फ्रिजमध्ये असतो तो आर-134ए वायू वापरून पाहिला गेला. वाईराकेईत किरणोत्सारी आयोडीन-131 वापरलं होतं. ते आठ दिवसांत निम्मं होतं.

या परीक्षेचा खरा फायदा वेळेचा आहे. ट्रेसर पाण्याबरोबर पळतो, गारवा मागे रेंगाळतो, कारण वाटेतला खडक निववल्याशिवाय त्याला पुढे सरकता येत नाही. खडकात 10 टक्के पोकळी सगळीकडे सारखी पसरलेली धरली, तर गारव्याची आघाडी पाण्याच्या साधारण एक षष्ठांश वेगानेच चालते. ट्रेसर आधी येऊन वर्दी देतो, आणि विहीर थंड पडण्याआधी पाणी सोडण्याची जागा बदलता येते.

आता एक गणित करून पाहू. समजा, सेकंदाला 20 लिटर पाणी सोडतोय. टाकलेल्या ट्रेसरपैकी 5 टक्के 500 मीटरवरच्या विहिरीत आला, सरासरी 10 दिवसांनी. म्हणजे त्या वाटेने सेकंदाला 1 लिटर पाणी जातंय, आणि 10 दिवसांत 864 घनमीटर. तेवढी त्या वाटेची पोकळी. जमिनीखाली न उतरता, नुसत्या बाटल्या भरून एवढं कळतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

पण 864 घनमीटर पोकळी कोणत्या आकाराची? ती एक सेंटीमीटर जाडीची, 173 मीटर उंच भेग असू शकते. किंवा चार मीटर रुंद, चार मीटर उंच असा फुटक्या खडकाचा बोगदा, ज्यात 10 टक्के पोकळी आहे. ट्रेसरचा आलेख दोन्हींचा सारखा येऊ शकतो. मात्र भेगेला खडकाचा जो पृष्ठभाग लाभतो तो बोगद्याच्या बाहेरच्या भिंतींच्या सुमारे वीसपट, म्हणून भेगेतलं पाणी कितीतरी अधिक वर्षं तापत राहील. म्हणून मॉडेल करणारे एकच आकडा देत नाहीत. वाईटात वाईट आकार आणि चांगल्यात चांगला आकार धरून दोन टोकं सांगतात. हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो.

आइसलँडच्या उत्तरेला लाउगालांड इथल्या सुमारे 95 अंशांच्या पाण्यावर आकुरेरी शहरातली घरं ऊबदार राहतात. तिथे उपशाने पाण्याची पातळी खूप खाली गेली होती. 1997 पासून शहरातून परत आलेलं निवलेलं पाणी विहिरीत सोडायला सुरुवात झाली, सोबत फ्लुओरेसिनच्या चाचण्या झाल्या. उपशाच्या विहिरींत ट्रेसरचा थोडाच अंश आला आणि तोही हळूहळू. त्यावरून मांडलेल्या हिशोबात तापमानाची घट किरकोळ निघाली.

आकाराचं कोडं सोडवायला आता दोन ट्रेसर जोडीने सोडण्याचे प्रयोग होतात. एक पाण्याबरोबर सरळ निघून जातो, दुसरा वाटेत खडकाच्या पृष्ठभागाला चिकटत-सुटत येतो. पृष्ठभाग जितका मोठा, तितका दुसऱ्याला उशीर.