ताडपत्रीचा निवारा: पहिल्या मुक्कामाआधी हे वाचा

आम्ही मुळात ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे. डोंगरावर जाणारी पोरं दुकानात येऊन "काका, ट्रकचीच द्या, पण पाठीवर नेता येईल अशी" म्हणायला लागली, तेव्हापासून हा 3 बाय 3 मीटरचा तुकडा वेगळा शिवतो. कापड 120 जीएसएमचं, म्हणजे एका चौरस मीटरला 120 ग्रॅम. नऊ चौरस मीटरचे होतात 1080 ग्रॅम, वर शिवण आणि आयलेटचं (कडेला दोर ओवायच्या कड्यांचं) वजन. पिशवीत सोबत 10 मीटरचा जाड दोर, अडीच-अडीच मीटरचे सहा बारीक दोर आणि आठ खुंट्या आहेत. घरी एकदा मोजून घ्या.

"ताडपत्री गळते" ही तक्रार आमच्याकडे सगळ्यात जास्त येते. मागे एक गिऱ्हाईक अशीच ताडपत्री रागारागाने परत घेऊन आले. आम्ही ती अंगणात चारी कोपऱ्यांना टांगली, मधल्या झोळीत दोन बादल्या पाणी ओतलं आणि चहा मागवला. चहा संपला तरी खाली थेंब नाही. मग त्यांनी मोबाइलवर रात्रीचा फोटो दाखवला, त्यात सगळा उलगडा झाला. झाडावरून निघालेला दोर ताडपत्रीच्या खालून गेलेला, झाडाचं पाणी त्या दोरावरून चालत आत आलेलं आणि नेमकं उशीवर टपकलेलं. उपाय फुकट आहे. ताडपत्री सुरू होण्याच्या चार बोटं अलीकडे दोराला सुतळीचा वीतभर तुकडा बांधून खाली लोंबता सोडा, दोन्ही टोकांना. पाणी सुतळीवरून बाहेरच गळून जातं.

आढं आधी, बाकी नंतर

जुन्या घराचं छप्पर डोळ्यांसमोर आणा: मध्ये आढं, दोन्हीकडे पाखी. इथे आढं म्हणजे तो जाड दोर. दोन झाडं चार-पाच मीटर अंतरावरची निवडा, वर वाळकी फांदी नाही ना ते मान वर करून बघा. एका झाडाला दोराचे दोन वेढे देऊन निरगाठ मारा. दुसऱ्या टोकाला ट्रकवाल्यांची गाठ. माल भरल्यावर हमाल दोर ताणतो ते नीट पाहिलं असेल तर ती तुम्हाला येतेच. झाडाच्या हातभर अलीकडे दोरातच एक फास करायचा, मोकळं टोक झाडामागून फिरवून त्या फासातून ओवायचं आणि परत झाडाकडे खेचायचं. दोर तारेसारखा ताणला की फासापाशी अंगठ्याने दाबून धरा आणि सुरगाठ मारा. तिथे निरगाठ मारलीत तर सकाळी थंडीने आखडलेल्या बोटांनी ती सोडवत बसाल.

उंची किती? ताडपत्री मधोमध दोरावर टाकली की प्रत्येक बाजूचं पाखं दीड मीटरचं होतं. आढं 1.2 मीटरवर घेतलं आणि कडा जमिनीला टेकवल्या, तर आत 1.8 मीटर रुंदी मिळते. 90 सेंटिमीटरवर उतरवलं तर 2.4 मीटर. (गवंडी काटकोन तपासायला 3-4-5 चं माप लावतो, तोच हा हिशोब.) दोघांना 1.2 ठीक. वारा असेल तर खाली या. आत रांगत जावं लागेल, पण ताडपत्री जागेवर राहील.

वाऱ्याकडची बाजू आधी बांधा. तिथली कड जमिनीलगत, पलीकडची वीतभर वर. खुंटी तिरपी ठोका, डोकं निवाऱ्यापासून बाहेर झुकलेलं. सह्याद्रीच्या पठारावर मात्र चार बोटांखाली कातळ लागतो आणि खुंटी वाकते. अशा वेळी दोर एका लांबट धोंड्याला गुंडाळा आणि दोरावर, धोंड्याच्या अलीकडे, दुसरा मोठा दगड ठेवा. आयलेट उपटलंच तर सुपारीएवढा गोटा कापडात धरून मानेपाशी दोर आवळा. हा जुगाड आयलेटपेक्षा पक्का निघतो. आयलेट विकणारे आम्हीच हे सांगतोय.

जागा

ओढ्याचं कोरडं पात्र सपाट आणि मऊ दिसतं, तिथे झोपू नका. एकट्या उंच झाडाखाली नको, कड्याच्या टोकालाही नको. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याशी वारा दरीतून वर येतो, तो ताडपत्री खालून उचलतो आणि कितीही खुंट्या असल्या तरी रात्रभर फडफड ऐकवतो. मागे सरकून उंचवट्याच्या आडोशाला या. हा गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे मुक्कामाचं आणि चुलीचं वनखात्याला आधी विचारा. कड्यांवर आग्या मोहोळ असतं, धूर त्याच्याकडे जाऊ देऊ नका. दोर बांधायला कारवी तोडू नका. ती तुमचा भार पेलत नाही आणि पुन्हा फुलायला सात वर्षं घेते.

एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळीव येतो तेव्हा पाऊस नंतर, वावटळ आधी. आभाळ काळवंडलं की आढं खाली घ्या, थांबू नका.

आणि खरं सांगायचं तर जुलै-ऑगस्टच्या घाटातल्या पावसासाठी ही ताडपत्री घेऊ नका. तो पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. पायथ्याच्या गावात कुणाच्या पडवीत झोपा, जेवणाचे पैसे द्या.

डिसेंबरात सकाळी ताडपत्री आतून ओली दिसेल. ती तुमच्याच श्वासाची वाफ. दोन्ही टोकं उघडी ठेवलीत तर कमी होते, पूर्ण जात नाही. बूट घालण्याआधी झटकून घ्या, विंचवाला उबदार जागा आवडते.

स्टोव्ह ताडपत्रीखाली पेटवू नका. हे कापड प्लॅस्टिकचं आहे, 130 अंशांच्या आसपास वितळतं. ज्वाला लागायचीही गरज नसते.

घरी आल्यावर

वाळवा, मगच घडी घाला, पण उन्हात दिवसभर पसरून ठेवू नका. उन्हाने धागा ठिसूळ होतो. दर वेळी त्याच घडीवर दुमडलीत तर तिथेच चिरते. छोटं भोक पडलं तर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा, पट्टीचे कोपरे गोल कापून, म्हणजे ते उचलत नाहीत.

शिवण उसवली किंवा आयलेट निघालं तर पहिल्या वर्षी दुरुस्ती मोफत. चुलीच्या ठिणगीची भोकं त्यात धरत नाही. आणताना कोरडी आणा, ओल्या कापडावर पट्टी बसत नाही.