स्कॅनर लावणं वेगळं, बिघाड शोधणं वेगळं

जळगाव-धुळ्याकडे कुणी जुनी बीएमडब्ल्यू किंवा ऑडी घेतली की पहिली शोधाशोध मिस्त्रीची. (इम्पोर्टेड म्हणतो खरं, पण यातल्या कित्येक गाड्या चेन्नई नाहीतर संभाजीनगरला जोडलेल्या असतात.) "त्याच्याकडे स्कॅनर आहे भो," एवढं कुणी सांगितलं की गाडी त्याच्या हवाली होते. पैसे वाया जायला इथूनच सुरुवात होते.

स्टेअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्याला स्कॅनर जोडला की गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले कोड दिसतात. समजा, पी०१७१ आला. त्याचा अर्थ इतकाच, की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. का पडतंय, ते कोड सांगत नाही. केळीचं पान पिवळं पडलं म्हणून लगेच करप्याचं औषध मारत नाहीत. आधी पाणी, खत, मुळं बघतात. इथेही व्हॅक्यूमचा पाइप चिरलेला असू शकतो, एअर फ्लो सेन्सर मळलेला असू शकतो, फ्युएल पंप कमजोर झालेला असू शकतो.

नुसता कोड वाचणारा म्हणतो, "ऑक्सिजन सेन्सर गेला." नवा बसवतो, कोड पुसतो, डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा विझतो. मूळ दोष तसाच असतो. असे बरेच कोड गाडीच्या सलग दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावरच दिवा पेटवतात, म्हणून काम झाल्यासारखं वाटतं आणि चार दिवसांनी दिवा परत येतो. तोवर बिल भरून झालेलं असतं.

बिघाड शोधणारा कोड आला त्या क्षणाची नोंद काढतो: इंजिन गार होतं की गरम, वेग किती होता. मग चालू इंजिनावर फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय-घटवतोय तो आकडा, बघतो. आकडा आयडलला चढलेला आणि रेस दिल्यावर उतरत असेल, तर बाहेरची हवा आत शिरत असण्याची शक्यता जास्त. लोड आल्यावर चढत असेल, तर तो पंप आणि फिल्टरकडे वळतो. हवेची गळती वाटली तर धूर सोडून चीर शोधतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. जुन्या गाडीचे रबरी आणि प्लॅस्टिकचे पाइप त्या उष्णतेत कडक होऊन तडकतात. त्यामुळे महागड्या सेन्सरआधी पाइप तपासायलाच हवेत.

गाडी सोडण्याआधी मिस्त्रीला एकच विचारा: "पार्ट बदलण्याआधी काय काय तपासणार?" उत्तरात फक्त पार्टची किंमत आली तर गाडी परत घ्या. जुना पार्ट हातात मागा. बिलावर ऑइलचा नुसता ग्रेड, म्हणजे ५डब्ल्यू-३०, नको. गाडीच्या पुस्तकात दिलेली ऑइलची मान्यता, उदाहरणार्थ मर्सिडीजची २२९.५१, लिहून घ्या.

स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनपुरतेच कोड वाचतो. गिअरबॉक्स, एअरबॅगसाठी कंपनीचं किंवा त्या तोडीचं सॉफ्टवेअर लागतं. "हे माझ्याकडे होणार नाही, नाशिकला न्या," असं जो सरळ सांगतो, त्याच्याकडे बाकीची सर्व्हिसिंग बिनधास्त करा.