टबी हेझ

हेझ, टबी (३० जानेवारी १९३५ – ८ जून १९७३) : ब्रिटिश जॅझ सॅक्सोफोनवादक. मूळ नाव एडवर्ड ब्रायन हेझ. ‘टबी’ म्हणजे गोलमटोल. बुटक्या, गुटगुटीत अंगकाठीमुळे पडलेले हे नाव त्याला जन्मभर चिकटले. टेनर सॅक्सोफोन (खालच्या-मधल्या पट्टीचा, फुंकून वाजवायचा सॅक्सोफोन) हे त्याचे मुख्य वाद्य. पण चाव्यांची धातूची बासरी आणि व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचे वाद्य) ही वाद्येही तो त्याच सफाईने वाजवी.

जन्म लंडनमधला. वडील बीबीसीत व्हायोलिनवादक असल्याने पहिले शिक्षण व्हायोलिनचे झाले, मग पियानो, आणि अकराव्या-बाराव्या वर्षी सॅक्सोफोन हाती आला. पंधरा-सोळाव्या वर्षी तो ट्रम्पेटवादक केनी बेकरच्या ताफ्यात व्यावसायिक वादक म्हणून दाखल झाला. रॉनी स्कॉट हा त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा, नावाजलेला सॅक्सोफोनवादक. एका मैफलीत वाद्याहून फारसा मोठा न दिसणारा हा पोरगा वाजवायची परवानगी मागायला आला; स्कॉटने जरा कौतुकाने होकार दिला आणि पोराचे वादन ऐकून स्कॉटचीच घाबरगुंडी उडाली. ही आठवण स्कॉट स्वतःच सांगत असे.

हेझच्या पिढीची तालीम कशी झाली, हे समजायला एक बंदी लक्षात घ्यावी लागते. ब्रिटन आणि अमेरिका या दोन्हीकडच्या वादक संघटनांच्या भांडणापायी १९३५ पासून सुमारे दोन दशके अमेरिकी ताफ्यांना ब्रिटनमध्ये वाजवायची परवानगी जवळपास मिळतच नसे. त्यामुळे गुरू म्हणजे ग्रामोफोनच्या तबकड्या. काही वादक तर न्यूयॉर्कचे जॅझ ऐकायला मिळावे म्हणून अटलांटिकपार जाणाऱ्या बोटींवर नोकरी धरत. हेझवर अमेरिकी टेनर सॅक्सोफोनवादकांची छाप होती : आधी स्टॅन गेट्झची, पुढे सनी रोलिन्स आणि जॉनी ग्रिफिनची. त्याची भन्नाट लय ग्रिफिनच्या घराण्यातली म्हणावी. नुसत्या वेगाचा वादक असा आक्षेप त्याच्यावर घेतला जाई. तो पूर्ण खोटा नाही, मात्र संथ गीतांमधला त्याचा भरदार, उबदार स्वर ऐकल्यावर तो पुरता खराही वाटत नाही.

१९५७ ते १९५९ या काळात स्कॉट आणि हेझ यांनी ‘जॅझ कुरियर्स’ हा ताफा चालवला. दोन टेनर सॅक्सोफोन एकाच दमात तीच वळणे घेत, हे त्याचे वैशिष्ट्य. ३० ऑक्टोबर १९५९ रोजी जेरार्ड स्ट्रीटवर स्कॉटचा क्लब उघडला, तेव्हा पहिल्या रात्री हेझ तिथे वाजवत होता.

बंदी सैलावली ती ‘एकाला एक’ या अटीवर : तिकडचा वादक इकडे आला की इकडचा तिकडे. १९६१ मध्ये अमेरिकी सॅक्सोफोनवादक झूट सिम्स लंडनला आला आणि त्याच्या बदल्यात हेझ न्यूयॉर्कच्या ‘हाफ नोट’ क्लबात गेला. त्याच मुक्कामात ट्रम्पेटवादक क्लार्क टेरीसह ‘टब्ज इन एन. वाय.’ ही तबकडी ध्वनिमुद्रित झाली. पुढच्या वर्षी रोलंड कर्क आणि जेम्स मूडी या सॅक्सोफोनवादकांबरोबर आणखी एक. फेब्रुवारी १९६४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये विख्यात अमेरिकी जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्यातला सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्व्हिस ऐन वेळी वाजवू शकला नाही, तेव्हा त्याची जागा हेझने भरून काढली. तबकड्यांवरून शिकलेल्याला याहून मोठी पावती कुठली?

रॉकची लाट आल्यावर जॅझची कामे आटली. हेझला हेरॉइनचे व्यसन जडले आणि पाठोपाठ हृदयविकारही. पण वादन याच काळात बदलले. अमेरिकी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा प्रभाव पचवलेल्या ‘मेक्सिकन ग्रीन’ (ध्वनिमुद्रण १९६७) या तबकडीच्या शीर्षकरचनेत ठरलेली स्वरसंगतीची चौकट ढिली होते आणि चौघे वादक एकमेकांच्या कानाने पुढे जातात. त्याचे सर्वोत्तम काम बहुधा हेच.

१९७१ मध्ये हृदयावर शस्त्रक्रिया झाली. तो पुन्हा उभा राहिला, पुन्हा वाजवू लागला. पण लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचा मृत्यू झाला. वय ३८. त्याने १९६९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या आणि कंपनीच्या गोदामात पडून राहिलेल्या फिती ‘ग्रिट्स, बीन्स अँड ग्रीन्स’ या नावाने २०१९ मध्ये बाजारात आल्या.