डोंगरावरचे स्फटिक उचलण्याआधी: परवानगी कोणाची, कागद कोणते?

पुण्याच्या आसपासचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. त्याच्या पोकळ्यांत अपोफिलाइट, स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट या खनिजांचे स्फटिक सापडतात, आणि वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हॅन्साइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. म्हणून सुट्टीच्या दिवशी हातोडी-छिन्नी घेऊन टेकडीवर जाता येतं असं मात्र नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 प्रमाणे खनिजांवरचा हक्क शासनाचा, मग ती जमिनीखाली असोत की वर पडलेली. आणि 2013 च्या गौण खनिज (दगड, मुरूम, वाळू यांसारखी खनिजं) नियमांत हौशी संग्राहकासाठी वेगळा परवानाच नाही.

अर्ज लिहिण्याआधी जमीन कोणत्या खात्याची ते काढा. बहुतेक अर्ज इथेच फसतात, कारण ‘सरकारी जमीन’ म्हणजे एकच कार्यालय नव्हे. गट नंबर शोधून महाभूलेख या शासनाच्या संकेतस्थळावर सातबारा पाहा. वन, गायरान की नुसतं सरकार, ते भोगवटादार आणि इतर हक्काच्या रकान्यांत कळतं. नोंद जुनी असू शकते, म्हणून वनपरिक्षेत्र कार्यालयात कक्ष क्रमांक (वनखात्याने जंगलाच्या त्या तुकड्याला दिलेला क्रमांक) विचारून खात्री करून घ्या.

जमीन वनखात्याची असेल तर भारतीय वन अधिनियम, 1927 लागू होतो. जंगलातला दगड आणि खनिज कायद्याने वनोपज ठरतं. राखीव वनातून ते विनापरवाना नेणं कलम 26 खाली गुन्हा आहे. अर्ज त्या वन विभागाच्या प्रमुखांकडे, म्हणजे उपवनसंरक्षकांकडे करायचा. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके जुन्नर वन विभागात येतात, त्यांचा अर्ज पुण्यात देऊन उपयोग नाही. भीमाशंकर अभयारण्याचा प्रश्न नागपूरच्या मुख्य वन्यजीव रक्षकांपर्यंत जातो. संरक्षित किल्ल्यांचा नाद सोडा. लोहगडासारख्या ठिकाणी पुरातत्त्व खात्याचेही निर्बंध आहेत.

अशी परवानगी मागायला टिकणारं कारण एकच, अभ्यास. तोही संस्थेमार्फत. सोबत हे जोडा: विभागप्रमुखांचं शिफारसपत्र, संशोधनाचा एक-दोन पानी आराखडा, ओळखपत्र, गट किंवा कक्ष क्रमांकासह नकाशा, अक्षांश-रेखांश, तारखा आणि सोबत येणाऱ्यांची नावं. नमुन्यांची संख्या आणि वजन आकड्यांत लिहा, उदाहरणार्थ ‘प्रत्येकी सुमारे 1 किलोचे 10 नमुने’. ‘आवश्यक तेवढे’ असं लिहिलं की शंका येते आणि अर्ज परत येतो. फक्त हातोडी-छिन्नी वापरणार, सुरुंग किंवा यंत्र नाही, आणि नमुने विकणार नाही हेही स्पष्ट लिहा. परवानगीत वाहतुकीचा उल्लेख आहे ना, ते तिथल्या तिथे पाहून घ्या. नसेल तर नमुने नाक्यावर अडकतात.

महसुली जमिनीसाठी तहसीलदार किंवा जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे जावं लागतं. तिथला हिशेब ब्रासचा, म्हणजे 100 घनफुटांचा. पिशवीभर दगडांसाठी तो रस्ता कामाचा नाही.

खरं तर हौशी माणसाने डोंगराकडे वळूच नये. उघड्यावरचा अपोफिलाइट ऊन-पावसाने चिरफाळून झिजतो, हाती उरते ती सोबतची टणक गारगोटी. चांगले स्फटिक ताज्या फुटलेल्या दगडात मिळतात, म्हणजे चालू खाणीत. तिथे पट्टाधारकाचं, म्हणजे खाणीचा पट्टा ज्याच्या नावे आहे त्याचं, लेखी संमतीपत्र घ्या, त्यावर पट्ट्याचा क्रमांक, तारीख आणि नमुन्यांचं वजन असू द्या. दगड विकत घेतलात तर पावती आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) भरल्याचा वाहतूक पास मागा. सुरुंगाची वेळ आधी विचारा, हेल्मेट आणि जाड तळाचे बूट घाला, आणि उभ्या कड्याखाली पोकळी कितीही मोहात पाडो, तिथे बसू नका.

परवान्याशिवाय उत्खनन किंवा वाहतूक करताना सापडलात तर महसूल संहितेच्या कलम 48 खाली खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय वाहन जप्त होतं. म्हणून संमतीपत्राची एक प्रत गाडीत आणि दुसरी नमुन्यांच्या पेटीत ठेवा.