डावे-उजवेपण अर्थात कायरॅलिटी

एखादी वस्तू, आकृती किंवा रेणू आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब, ही दोन कितीही फिरवून पाहिली तरी एकमेकांवर तंतोतंत बसत नसतील तर त्या वस्तूला डावं-उजवं आहे, ती कायरल आहे असं म्हणतात. भाग तेच, संख्या तीच, कोण कोणाला जोडलंय तेही तेच, फरक फक्त जागेतल्या मांडणीचा. चप्पल कायरल, वाटी नाही. शुद्ध मराठी प्रतिशब्द बरेच सुचवले गेलेत पण वर्गात शिकवणारे आणि शिकणारे सगळे कायरलच म्हणतात, म्हणून इथेही तोच ठेवलाय.

किती मितींत बघतो यावर बरंच ठरतं. सोलापुरी चादरीवर डावीकडे तोंड केलेला मोर घ्या, चादर जमिनीवर पसरलेली असताना ती नुसती सरकवून किंवा गरगर फिरवून तो मोर उजवीकडे बघायला लागणार नाही, पण चादर उचलून पालथी घातली की लगेच बघतो. म्हणजे सपाट आकृतीचं डावं-उजवेपण तिसरी मिती मिळाली की संपतं. चप्पल आपल्या जगात पालथी घालून डाव्याची उजवी होत नाही कारण त्यासाठी चौथी मिती लागेल आणि ती काही आपल्याकडे नाही. रेणू पूर्ण सपाट असेल तर त्याला डावी-उजवी जोडी नसते, हे याच हिशोबाने.

सुताचा पीळ हे सोलापूरकरांना न शिकवता कळणारं उदाहरण. सूत उभं धरलं आणि पिळाची तिरकी रेघ इंग्रजी झेडच्या मधल्या रेघेसारखी दिसली तर झेड पीळ, एसच्या मधल्या भागासारखी दिसली तर एस पीळ. झेड म्हणजे उजवा, नेहमीच्या स्क्रूसारखा. सूत उलटं धरा, वरचं टोक खाली करा, पीळ तोच राहतो, आणि खरी गंमत हीच आहे की पिळाचं डावं-उजवेपण बघणाऱ्याच्या बाजूवर अवलंबून नसतं. एकेरी सूत बहुतेक वेळा झेड पिळाचं असतं आणि डबलिंग करताना दोन पदर एकत्र करून एस पीळ देतात, दोन पीळ एकमेकांना सावरतात आणि सूत शांत पडतं, नाहीतर ढिलं सोडलं की स्वतःभोवती वळ्या घेत बसतं.

शंखाच्या बाबतीत मात्र नावांचा घोळ आहे आणि तो जरा सविस्तर सांगायला हवा, कारण पंढरपुरात शंख विकत घेणाऱ्यांचा त्यात खिसा रिकामा होऊ शकतो. पूजेतला नेहमीचा शंख प्राणिशास्त्राच्या भाषेत उजवा, म्हणजे टोकदार शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की तोंड उजव्या हाताला येतं. याला परंपरेने वामावर्ती म्हणतात. जो अगदी दुर्मिळ आणि महाग तो दक्षिणावर्ती, आणि प्राणिशास्त्रज्ञ नेमकं त्यालाच डावा म्हणतात! बहुधा कारण इतकंच की आपल्याकडे शंख शेंडा खाली करून धरायची रीत आहे आणि तसं धरलं की तोंड दुसऱ्या बाजूला दिसतं. दुसरं स्पष्टीकरण असं देतात की वळण कुठल्या टोकाकडून मोजायचं यातच फरक आहे, पण धरण्याच्या रीतीचं स्पष्टीकरण जास्त सरळ वाटतं. शंख तोच आहे, नाव बदललंय. दक्षिणावर्ती म्हणून कधीकधी अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका वेगळ्याच गोगलगायीचं कवच विकतात, तिच्या जातीत डावं वळण हेच नेहमीचं असतं त्यामुळे त्यात दुर्मिळ काही नाही. खऱ्या शंखाच्या आतल्या खांबावर ठळक घड्या असतात, त्या कवचात नसतात.

कायरॅलिटी हा शब्द ग्रीक भाषेतल्या हात या अर्थाच्या शब्दावरून ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विनने बनवला. वर्षाबद्दल एकमत दिसत नाही, पुष्कळ ठिकाणी १८८४ दिलेलं असतं कारण केल्विनची बाल्टिमोरची व्याख्यानं त्या वर्षीची, पण त्यांचं पुस्तक आलं १९०४ मध्ये आणि व्याख्या त्याच्या पुरवणीत आहे. ऑक्सफर्डमध्ये १८९३ साली दिलेल्या आणि १८९४ ला छापलेल्या व्याख्यानात ती व्याख्या आहेच, म्हणून १८९३ धरणं बरं. रसायनवाल्यांनी हा शब्द उचलला तो मात्र १९६० च्या दशकात.

रेणूंच्या गोष्टीची सुरुवात प्रकाशापासून होते. एकाच प्रतलात कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित प्रकाश काही पदार्थांतून गेला की ते प्रतल फिरतं, हे क्वार्ट्झमध्ये आरागोने १८११ ला पाहिलं आणि टर्पेंटाइन, साखरेचं द्रावण अशा द्रवांतही तसंच होतं हे बिओने १८१५ मध्ये दाखवलं. द्रवात स्फटिक नाही म्हणजे फिरवणारा गुण रेणूतच असणार. मग लुई पाश्चर. द्राक्षाच्या दारूच्या पिंपात तळाला जमणाऱ्या खारापासून टार्टारिक आम्ल मिळतं (आपल्या चिंचेतही तेच), ते प्रतल फिरवतं, पण त्याच घटकांचं एक दुसरं आम्ल सापडलं होतं ते फिरवत नव्हतं. त्याला रेसिमिक म्हणत, लॅटिनमध्ये द्राक्षाच्या घडाला जो शब्द आहे त्यावरून. १८४८ मध्ये पंचविशीतल्या पाश्चरने त्या दुसऱ्या आम्लाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे स्फटिक बारकाईने पाहिले तर दोन प्रकारचे निघाले, एकमेकांची प्रतिबिंबं असलेले, ते त्याने हाताने वेचून वेगळे केले आणि दोन्हींची द्रावणं प्रतल उलट दिशांना फिरवायला लागली. यात नशीबही होतं. हे स्फटिक असे वेगवेगळे पडतात ते साधारण २७-२८ अंशांच्या खाली, त्यावर दोन्ही हात, म्हणजे रेणूचं डावं आणि उजवं रूप, एकाच स्फटिकात मिसळून येतात. सोलापुरात हा प्रयोग डिसेंबरच्या रात्री जमला असता, एप्रिलमध्ये पंख्याखाली बसून काही हाती लागलं नसतं.

कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या आकाराच्या) चार कोपऱ्यांकडे जातात, दोन बंधांमधला कोन साधारण १०९.५ अंश, आणि चारी बंधांना वेगवेगळे गट असले की दोन मांडण्या शक्य होतात, हा खुलासा १८७४ चा. श्रेय कोणाचं यावर वाद जुना आहे. व्हांट हॉफची पुस्तिका सप्टेंबरची, ल बेलचा लेख नोव्हेंबरचा, दोघांनी स्वतंत्रपणे काम केलं. चतुष्फलकाची कल्पना मात्र त्याआधीही मांडली गेली होती, बुटलेरोवने १८६२ ला आणि पाटेर्नोने १८६९ ला, तरी तिच्यावरून प्रतल फिरण्याचं कारण सांगितलं ते या दोघांनीच, त्यामुळे श्रेय त्यांनाच देणं योग्य. कोल्बे या मोठ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये व्हांट हॉफची खिल्ली उडवली, पशुवैद्यकीय शाळेतल्या माणसाला रसायन कशाला कळतंय अशा सुरात. १९०१ चं पहिलं रसायनाचं नोबेल व्हांट हॉफला मिळालं, पण दुसऱ्या कामासाठी.

सोलापूर जिल्ह्यात या सगळ्याचा रोजचा उपयोग साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होतो. केमिस्ट ज्याला पोल म्हणतो ते हेच प्रतल फिरण्याचं मोजमाप. २६ ग्रॅम शुद्ध साखर १०० मिलिलिटर द्रावणात, २०० मिलिमीटरच्या नळीत, म्हणजे स्केलवर १००. उसाच्या साखरेचं विशिष्ट घूर्णन, म्हणजे ठरावीक लांबीत आणि ठरावीक प्रमाणात घेतल्यावर प्रतल किती फिरतं ते, +६६.५ अंश. ऊस तोडून उन्हात पडून राहिला की साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, ग्लुकोज उजवीकडे (+५२.७) आणि फ्रुक्टोज त्याहून जोरात डावीकडे (सुमारे −९२), मिळून काटा उलट्या बाजूला, म्हणून त्या मिश्रणाला इन्व्हर्ट शुगर म्हणतात. त्यामुळे शिळ्या उसाचा पोल पडतो. पण नेहमी तसंच होईल असं नाही, शिळ्या उसात जंतूंमुळे डेक्स्ट्रन नावाचं चिकट द्रव्य तयार होतं आणि ते जवळपास +२०० अंश फिरवतं, मग साखर कमी असूनही आकडा चांगला दिसतो आणि पुढे पाकात स्फटिक नीट धरत नाहीत तेव्हा कळतं.

फिरवण्याची दिशा आणि प्रत्यक्ष मांडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, प्लस चिन्ह बघून रेणू कसा वळलाय ते सांगता येत नाही. एमिल फिशरने १८९१ च्या सुमारास ग्लुकोजची एक मांडणी अंदाजाने धरून पुढे सगळं बसवलं, बरोबर असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. बायवूट आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये क्ष-किरणांनी टार्टारिक आम्लाचा क्षार तपासला तेव्हा अंदाज बरोबर निघाला. मांडणी सांगायला आता वापरतात ती आर आणि एस अक्षरं कान, इंगोल्ड, प्रेलॉग या तीन रसायनशास्त्रज्ञांच्या नियमांची, एस डावा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आणि आर सरळ या अर्थाच्या. हा एस आणि सुताच्या पिळाचा एस यांचा संबंध नाही, मुलं परीक्षेत गोंधळतात.

शरीराला हा फरक कळतो कारण आपली प्रथिनं स्वतःच एका हाताची आहेत. कार्व्होन या वासाच्या पदार्थाचा एक हात पुदिन्याचा वास देतो, दुसरा शहाजिऱ्याचा आणि बाळंतशोपाचा. थॅलिडोमाइड या पोटातल्या बाळांना व्यंग आणणाऱ्या औषधाची गोष्ट पाठ्यपुस्तकांत फार सोपी करून सांगतात, एक हात औषध आणि दुसरा घातक, मात्र शरीरात दोन्ही हात एकमेकांत बदलत राहतात त्यामुळे चांगला हात वेगळा काढून दिला असता तरी बाळं वाचली असती असं म्हणता येत नाही. १९५७ ला पश्चिम जर्मनीत बाजारात आलेलं ते औषध १९६१ च्या शेवटी मागे घेतलं गेलं.

बंध न तोडता नुसतं फिरून जे आकार होतात, उदाहरणार्थ सायक्लोहेक्झेन या सहा कार्बनच्या कड्याचे खुर्ची आणि होडी हे आकार, त्यांना विन्यास (बंध तोडल्याशिवाय न बदलणारी मांडणी) न म्हणता संरूपण म्हणतात, तो वेगळा विषय आहे. हॅसेल आणि बार्टन यांना त्यासाठी १९६९ चं नोबेल मिळालं. प्रथिनांची साखळी कुठे किती वळू शकते याचा नकाशा मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ ला दिला. त्याआधी कोलॅजेन या प्रथिनाची तीनपदरी रचनाही रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनीच मांडली होती, तिच्यात प्रत्येक पदराचा पीळ डावा आणि तिन्ही मिळून पीळ उजवा, डबलिंगच्या सुतात असतो तसा उलट. अल्फा हेलिक्स, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचं मळसूत्री वळण, उजवी असते, तरी ती मांडणाऱ्या पॉलिंगच्या १९५१ च्या लेखातल्या चित्रात ती डावी काढलेली आहे. नेहमीचा डीएनएही उजवाच. छापताना चित्र आरशासारखं पलटलं की तो डावा होतो आणि पुस्तकांच्या कव्हरवर, लॅबच्या पाट्यांवर असा डावा डीएनए सर्रास दिसतो, झेडची रेघ आठवून एकदा तपासून बघा.