भजे नरम का पडतात? (आमच्या चक्कीवरून बेसन नेणाऱ्यांसाठी)

पाऊस सुरू झाला की काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. बेसन ताजं, तेल चांगलं, तरी भजे पाच मिनिटांत लुळे पडतात. बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. कांद्याच्या भज्यांत वरून पाणी ओतायचं नाही.

चार जणांसाठी 3 मध्यम कांदे, म्हणजे साधारण 250 ग्रॅम, उभे पातळ चिरा आणि पाकळ्या बोटांनी सुट्या करा. पाऊण चमचा मीठ चोळून 15 मिनिटं झाकून ठेवा. मिठाने कांद्याला पाणी सुटतं, गंजाच्या (पातेल्याच्या) तळाशी ते दिसायला लागतं. ते फेकू नका, भिजवायला तेवढंच पुरतं. आता त्यात एक चमचा तिखट, पाव चमचा हळद, तळहातावर चुरडलेला अर्धा चमचा ओवा, मूठभर चिरलेला सांभार (कोथिंबीर) आणि 2 मोठे चमचे तांदळाचं पीठ घाला. 100 ग्रॅम बेसन मोजून घ्या, पण एकदम ओतू नका, मुठीमुठीने भुरभुरवा. कांद्याच्या पाकळ्या पिठातून वेगवेगळ्या दिसत असतानाच थांबा. फारच कोरडं वाटलं तर पाण्याचा एक हबका द्या. कालवलं की लगेच तळा (जाड बेसन असेल तरच पाचेक मिनिटं थांबून), कारण ठेवलेला कांदा पाणी सोडतच राहतो. मग पुन्हा बेसन, पुन्हा मीठ, आणि शेवटी भजे कांद्याचे न राहता पिठाचे होतात.

सोडा आम्ही सुचवत नाही. चिमटीपेक्षा जास्त पडला तर भजे जाळीदार होऊन तेल पितात. त्याऐवजी 2 चमचे कडकडीत तेलाचं मोहन घाला.

बटाट्याला मात्र पातळ पीठ हवं. 100 ग्रॅम बेसनाला साधारण 100 मिलिलिटर पाणी लागतं. आधी निम्म्या पाण्यात घट्ट फेटा, म्हणजे गुठळ्या मोडतात; मग उरलेलं घाला. चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा, रेघ तशीच राहिली की पीठ जमलं. काप पुसून घ्या, ओल्या कापावरून पीठ घसरतं. मिरचीला चीर द्यायला विसरू नका, नाही तर आतल्या वाफेने ती तेलात फुटते आणि तेल अंगावर उडतं.

आमच्याकडे बेसन बारीक आणि जाड, दोन्ही दळून मिळतं. बटाट्याला बारीक घ्या. कांद्याला जाड छान लागतं. तिखट-ओव्याबरोबर ते घालून कालवलं की फक्त पाचेक मिनिटं थांबा, नाही तर दाताखाली रवाळ येतं.

तेल 170 ते 180 अंश सेल्सिअस हवं. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका. तळाशीच बसला तर तेल थंड आहे. पडताक्षणी लाल झाला तर फार तापलं आहे. बुडून लगेच बुडबुड्यांसह वर आला तर भजे तेलात सोडा. कढई गच्च भरू नका. एकदम जास्त भजे पडले की तेल निवतं, आणि निवलेलं तेल आत मुरतं. आच मध्यम ठेवा. मोठ्या आचेवर वरून लाल होतात, आत पीठ कच्चं राहतं.

झाऱ्याने काढून चाळणीत पसरवा. डब्यात रचून झाकण लावलं की वाफ आतच कोंडते, आणि सगळी मेहनत वाया जाते. उरलेलं तेल गार झाल्यावर गाळा; फेस येत असेल किंवा वास बदलला असेल तर ते पुन्हा वापरू नका.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या घरात जातो. तेव्हा बेसनाला लवकर खवट वास लागतो आणि पोरकिडेही होतात. त्या दिवसांत एका वेळी किलोभरच न्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि भिजवण्याआधी चाळून घ्या.