बिस्मथ स्थिर नाही, हे कळायला २००३ साल उजाडलं

कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत बिस्मथ हे सर्वांत जड स्थिर मूलद्रव्य होतं. २००३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी अतिशीत संवेदक वापरून त्याची केंद्रकं अल्फा कण, म्हणजे दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉनांचा गठ्ठा, बाहेर टाकताना पकडली. अर्धायुष्य, म्हणजे निम्मी केंद्रकं बदलायला लागणारा काळ, निघालं दोनावर एकोणीस शून्यं इतकी वर्षं! विश्वाचं आजवरचं वय त्याच्या एक अब्जांशही भरत नाही.

मग स्थिर म्हणजे काय? केंद्रकात दोन बलांची ओढाताण चालू असते. प्रोटॉन एकमेकांना दूर लोटतात. त्यांना बांधून ठेवणारं केंद्रकीय बल त्याहून कितीतरी जोरदार, पण त्याचा हात आखूड. ते लगतच्या कणालाच धरू शकतं. लोटण्याचं बल मात्र केंद्रकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतं. म्हणून केंद्रक मोठं होत गेलं की न्यूट्रॉन जास्त लागतात, कारण ते धरतात पण लोटत नाहीत. ऑक्सिजन-१६ मध्ये दोन्ही आठ-आठ, तर शिसे-२०८ मध्ये ८२ प्रोटॉनांमागे १२६ न्यूट्रॉन.

असं असेल तर न्यूट्रॉन हवे तेवढे का भरू नयेत? केंद्रकात ऊर्जेच्या पायऱ्या असतात, प्रोटॉनांचा जिना वेगळा, न्यूट्रॉनांचा वेगळा, आणि प्रत्येक पायरीवर जागा मोजक्याच. जास्तीचे न्यूट्रॉन वरच्या पायऱ्यांवर जाऊन बसतात. शेजारच्या जिन्यात खालची जागा रिकामी असली, की न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. सहा प्रोटॉन व आठ न्यूट्रॉनांचा कार्बन-१४ असाच नायट्रोजन-१४ होतो. अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षं.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे: मोकळा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटंही टिकत नाही, पण ऑक्सिजनच्या केंद्रकातला तोच न्यूट्रॉन तसाच राहतो. प्रोटॉन होऊन खाली उतरायला तिथे रिकामी पायरीच नसते.

जवळजवळच्या पायऱ्यांचा मिळून जिन्याचा एक मजला होतो, आणि कणांच्या काही संख्यांना हे मजले पुरते भरतात: २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६. भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ मध्ये त्यामागचं कारण उलगडलं. १९६३ चं भौतिकशास्त्राचं अर्धं नोबेल त्यांना विभागून मिळालं. कथिलात ५० प्रोटॉन, म्हणून त्याचे दहा स्थिर समस्थानिक आहेत, म्हणजे प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन कमीजास्त असलेले प्रकार. ४३ प्रोटॉनांच्या टेक्निशियमचा एकही नाही.

शिसे-२०८ मध्ये दोन्ही जिने असे भरलेले. बिस्मथ-२०९ मध्ये त्यावर एकच प्रोटॉन जास्त. अल्फा कण बाहेर पडला तर ऊर्जा कमी होते, पण त्याला आत अडवणारी ऊर्जेची भिंत इतकी जाड, की तिच्यातून निसटायची संधी जवळजवळ येतच नाही. एखादा निसटलाच, तर मागे उरतो थॅलियम-२०५, आणि त्याला पुढे घसरायला जागा नाही.